ओळखीचा जमाखर्च



दरवर्षीं नोव्हेंबर महिना आला कीं, माझ्यासारख्या निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाला एक विलक्षण कर्तव्य पार पाडावें लागतें. आपण अद्याप जिवंत आहोंत, हें त्यानें सरकारला पटवून द्यावयाचें असतें. पूर्वीं हयातीच्या दाखल्यावर सही केली म्हणजे भागत असे. २०१४ च्या नोव्हेंबरांत केंद्र सरकारनें यंत्राच्या कांचेवर बोट टेकवून हा दाखला देण्याची सोय केली, आणि ती यथाकाल आमच्या तालुक्याच्या गांवींहि येऊन पोंचली. दोन वर्षांपूर्वीं मी असाच एका केंद्रांत गेलों. अंगठा लावला, यंत्रानें तो नाकारला. मग तर्जनी, मग मध्यमा, असें करीत दहाहि बोटें झालीं. छत्तीस वर्षें खडू धरून त्यांच्यावरील रेषा झिजल्या असाव्यात, किंवा वयोमानानें पुसट झाल्या असाव्यात. केंद्र चालविणारा तरुण मोठा विनयशील होता. तो म्हणाला, "गुरुजी, तुम्ही समोर बसलां आहांत हें मला दिसतें आहे, पण मशीनला दिसत नाहीं."

त्या बोलण्यांत थट्टा नव्हती. निव्वळ वस्तुस्थिति होती. माझें कांहीं अडलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं मी बँकेंत गेलों, जुन्या पद्धतीचा कागद भरला, सही केली, आणि आणखी एक वर्षापुरता हयात ठरलों. परंतु त्या केंद्रांत माझ्यामागें रांगेंत एक वृद्ध शेतमजूर बाई उभी होती. शिधापत्रिकेवरील आपल्या नांवाची पडताळणी करून घेण्यासाठीं ती तीन कोसांवरून आली होती. तिचाहि अंगठा लागला नाहीं. "गुरुवारीं या," असें तिला सांगण्यांत आलें. तिचा त्या दिवसाचा रोज बुडाला होता, एस. टी. चें भाडें गेलें होतें, आणि गुरुवारीं पुन्हां तेंच व्हावयाचें होतें. घरीं परततांना माझ्या मनांत एकच प्रश्न घोळत राहिला : या बाईचा बुडालेला रोज कोणत्या सरकारी वहींत, कोणाच्या खात्यावर लिहिला गेला असेल ?

आजचें माझें भाषण या एका प्रश्नाभोंवतीं आहे. राष्ट्रीय ओळखक्रमांकाची योजना चांगली कीं वाईट, असा वाद आपण पुष्कळ ऐकतों. मला वाटतें, वादाचें खरें स्थान तें नव्हे. कोणतीहि पद्धति केव्हां ना केव्हां चुकणारच. ती चुकली असतां त्या चुकीची किंमत कोणीं भरावयाची, हें जिथें न्यायानें ठरलेलें असतें, तिथें तीच पद्धति उपकारक होते. जिथें तें ठरलेलें नसतें, तिथें ती किंमत, पाणी उताराकडे धांवावें तशी, सर्वांत दुर्बल माणसाकडे धांवत जाते.

बोटाच्या ठशानें माणूस ओळखण्याची युक्ति कोठून तरी परदेशांतून आपल्याकडे आली, असा पुष्कळांचा समज आहे. प्रत्यक्षांत राज्यकारभारांत तिची घडण झाली ती आपल्याच देशांत. १८५८ सालीं बंगालमधील जंगीपूर येथें विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्यानें रस्त्याच्या खडीचा करार करतांना राज्यधर कोनाई या ठेकेदाराच्या हाताचा ठसा कागदावर उठवून घेतला. हेतु इतकाच कीं, पुढें 'ही सही माझी नव्हे' असें त्याला म्हणतां येऊं नये. त्यानंतर १८७७ च्या सुमारास हुगळी जिल्ह्यांत हर्शेलनें दस्तनोंदणीसाठीं, कैद्यांसाठीं आणि निवृत्तिवेतन घेणाऱ्यांसाठीं बोटांचे ठसे सुरू केले. पेन्शनर वारला तरी दुसराच कोणी त्याचें वेतन उचलीत राहतो, असा त्याला संशय होता. म्हणजे माझ्या अंगठ्याविषयींचा सरकारचा अविश्वास आज सुमारें दीडशें वर्षांचा जुना आहे ! १८९७ मध्यें कलकत्त्यास ठशांची स्वतंत्र कचेरी स्थापन झाली. तेथील वर्गीकरणपद्धतीला एडवर्ड हेन्री या साहेबाचें नांव मिळालें; पण तिची घडी बसविण्यांत अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी कर्मचाऱ्यांचा मोठा वांटा होता.

हाच ठसा लवकरच दक्षिण आफ्रिकेंत राजकारणाचा विषय झाला. १९०६ सालीं ट्रान्सवाल सरकारनें असा कायदा आणला कीं, तेथील हिंदी लोकांनीं बोटांचे ठसे देऊन नोंदणी करावी व परवाना सतत जवळ बाळगावा. ११ सप्टेंबर १९०६ रोजीं जोहान्सबर्ग येथील सभेंत या कायद्यापुढें मान न तुकविण्याची शपथ घेण्यांत आली. तिचे अध्वर्यु गांधीजी होते. पुढें १९०८ च्या आरंभीं तडजोड झाली. लोकांनीं आपखुषीनें नोंदणी केल्यास कायदा रद्द होईल, या समजुतीनें त्याच गांधीजींनीं स्वतः होऊन ठसे दिले. त्यासाठीं स्वकीयांचा मारहि सोसला. मात्र कायदा रद्द होत नाहीं असें दिसतांच, १६ ऑगस्ट १९०८ रोजीं दोन हजारांवर परवान्यांची होळी करण्यांत आली. बोटें तींच आणि शाईहि तीच. आपण होऊन दिलेल्या ठशांत अपमान नव्हता. सक्तीनें घेतलेल्या ठशांत होता. हा भेद लक्षांत ठेवून आपण आजच्या काळाकडे वळूं.

भारतांत ओळखक्रमांकाच्या प्राधिकरणाची स्थापना जानेवारी २००९ मध्यें झाली, आणि बारा आंकडी आधार क्रमांक पहिल्यानें दिला गेला तो आपल्याच महाराष्ट्रांत : २९ सप्टेंबर २०१० रोजीं, नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली या गांवीं. दहा बोटें, दोन बुबुळें आणि चेहऱ्याचें छायाचित्र, एवढ्यावर ही ओळख उभी आहे. आजवर १३० कोटींहून अधिक क्रमांक दिले गेले आहेत. हा आंकडा केवळ सक्तीनें गांठला गेला, असें म्हणणें अन्यायाचें होईल. ज्याच्यापाशीं जन्माचा दाखला नाहीं, सातबाराच्या उताऱ्यावर ज्याचें नांव नाहीं, ज्यानें शाळेचें तोंड पाहिलें नाहीं, अशा माणसाला आयुष्यांत प्रथमच स्वतःच्या नांवाचा कागद मिळाला. ज्याच्या पेटींत चार दाखले आहेत, त्याला या कागदाचें मोल कळावयाचें नाहीं.

बीड जिल्ह्यांतून ऊसतोडीसाठीं वर्षांतले पांच-सहा महिने परमुलखांत जाणारीं कुटुंबें घ्या. पूर्वीं त्यांच्या वांट्याचें धान्य गांवच्या दुकानांत राही, आणि तीं मात्र उसाच्या फडावर बाजारभावानें दाणे विकत घेत. २०१९ मध्यें सुरू झालेली आणि २०२२ पर्यंत सर्व राज्यांत पोंचलेली 'एक देश, एक शिधापत्रिका' ही योजना याच क्रमांकाच्या बळावर चालते. परगांवच्या दुकानांत ज्याला तिच्यामुळें हक्काचें धान्य मिळतें, त्याच्यासमोर या पद्धतीची निंदा करण्याचें धाडस मी करणार नाहीं.

परंतु क्रमांकाच्या पोटांत जी माहिती असते, ती येते कोठून ? ती आमच्यासारख्यांच्या हातून येते. मी प्राथमिक शाळेंत असतांना जून महिन्यांत पालक मुलाला घेऊन येत. जन्मतारीख विचारली तर उत्तर मिळे, "पोळ्याच्या आदल्या दिवशीं झाला, साल कांहीं ध्यानांत नाहीं." मग आम्ही मुलाची उंची पाहत असूं. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरतां आला, कीं सहा वर्षें पुरीं झालीं असें समजत असूं, आणि मागें मोजून १ जून ही तारीख टाकीत असूं. महाराष्ट्रांत १ जूनला जन्मलेलीं माणसें इतकीं अधिक कां, याचें रहस्य हेंच आहे. ती तारीख मुलाच्या सोयीसाठीं होती. पुढें तीच त्याच्या वाटेंत आडवी येईल, असें आमच्या स्वप्नांतहि नव्हतें. आज माझा एक जुना विद्यार्थी, शाळेच्या दाखल्यावर एक तारीख आणि आधारावर दुसरी, अशा पेचांत सांपडून कचेऱ्यांचे खेटे घालतो आहे. त्या दोन तारखांपैकीं एकहि त्याची नव्हे. एक माझी आहे, आणि दुसरी नोंदणीच्या यंत्रापुढें बसलेल्या कोणा अनोळखी मुलाची. परंतु दंड भरतो तो. आम्ही दोघे नव्हे.

अर्थशास्त्रांत एक साधें तत्त्व आहे. कर कायद्यानें कोणावर बसविला एवढेंच न पाहतां, तो अखेरीस कोणाच्या खिशांतून जातो तें पाहावें. चुकीचाहि असाच एक कर असतो. फरक इतकाच कीं, तो कोणत्याहि अंदाजपत्रकांत दिसत नाहीं. म्हणून या योजनेचा जमाखर्च मांडावयाचा तर दोन्ही बाजू नीट तपासल्या पाहिजेत.

प्रथम जमेची बाजू पाहूं. या पद्धतीनें सरकारचे किती पैसे वांचले, याचे मोठमोठे आंकडे वेळोवेळीं जाहीर होत असतात. घरगुती गॅसवरील अनुदान थेट खात्यांत जमा करण्याच्या योजनेची तपासणी महालेखापरीक्षकांनीं केली होती, ती उद्बोधक आहे. एप्रिल ते डिसेंबर २०१५ या नऊ महिन्यांत हें अनुदान, आदल्या वर्षाच्या त्याच काळाच्या मानानें, सुमारें २३,३०० कोटी रुपयांनीं कमी झालें. २०१६ च्या अहवालांत महालेखापरीक्षकांनीं दाखवून दिलें कीं, त्यांपैकीं सुमारें २१,५५० कोटींची घट तेलाचे भाव उतरल्यामुळें झाली होती. कमी सिलिंडर उचलले गेल्यामुळें झालेली घट सुमारें १,७६० कोटींची होती. ही रक्कम लहान आहे असें मी म्हणत नाहीं. परंतु पाऊस पडल्यामुळें विहीर भरावी आणि श्रेय मोटेनें घ्यावें, असा प्रकार हिशेबांत होऊं नये.

दुसरें असें कीं, चोरी एकाच प्रकारची नसते. मेलेल्या माणसाच्या किंवा बनावट नांवावर धान्य उचलणें ही ओळखीची चोरी. खऱ्या माणसाला पांच किलोंच्या ठिकाणीं साडेचार किलो देणें ही मापाची चोरी. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें सामान्य पात्र कुटुंबांतील दर माणशीं दरमहा पांच किलो धान्याचा हक्क दिला आहे. अंगठ्याचें यंत्र पहिली चोरी पकडूं शकतें. दुसरी त्याला दिसतच नाहीं. अंगठा बिनचूक लागतो, पावती निघते, आणि पिशवी मात्र हलकी भरते.

आतां खर्चाच्या बाजूकडे येऊं. कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर या तीन अर्थशास्त्रज्ञांनीं या विषयाचा दोन राज्यांत अभ्यास केला. त्या दोन अभ्यासांचे निष्कर्ष शेजारीं शेजारीं ठेवले म्हणजे माझें म्हणणें आपोआप स्पष्ट होतें.

पहिला अभ्यास तेव्हांच्या आंध्र प्रदेशांतील. २०१० ते २०१२ या काळांत तेथें रोजगार हमीची मजुरी व सामाजिक निवृत्तिवेतनें ठशांच्या कार्डावर देण्यास आरंभ झाला. १५७ मंडलांत केलेल्या पाहणींत असें आढळलें कीं, मजुरी लवकर हातीं पडूं लागली, मधल्या मध्यें होणारी गळती घटली, आणि बहुतेक मजुरांना नवी पद्धत अधिक पसंत पडली. मात्र एक गोष्ट विसरूं नये : ज्याच्यापाशीं कार्ड नव्हतें, त्याचे पैसे अडविले जात नव्हते. दोन वर्षांनंतरहि सुमारें निम्मींच देणीं नव्या पद्धतीनें होत होतीं. उरलेलीं जुन्या वाटेनें चालूं ठेवलीं होतीं.

दुसरा अभ्यास झारखंडांतील. २०१६ नंतर तेथें रास्त भावाच्या दुकानांत अंगठा लावल्याखेरीज धान्य देऊं नये, असें धोरण आलें. सुमारें दीड कोटी लाभार्थ्यांचा समावेश असलेल्या या अभ्यासांत दिसलें कीं, केवळ अंगठ्याच्या सक्तीनें गळती कमी झाली नाहीं. उलट, ज्यांचा क्रमांक आधीं जोडलेला नव्हता, त्यांना मिळणाऱ्या लाभांत सुमारें १० टक्के घट झाली. पुढें २०१७ मध्यें सरकारनें आणखी एक पाऊल टाकलें. यंत्राच्या नोंदीप्रमाणें दुकानदारापाशीं जें धान्य शिल्लक असावयास हवें, तेवढें त्याच्या पुढच्या कोट्यांतून कापण्यास सुरुवात केली. हिशेब कागदावर निर्दोष होता. पण तें धान्य दुकानांत नव्हतेंच. कांहीं पूर्वींच पाय फुटून गेलेलें, तर कांहीं यंत्र बंद असतांना वाटलेलें. दुकानदारानें कपातीचा भार आपल्या अंगावर किती घेतला असेल, हें सांगावयास नको. या टप्प्यांत गळती पुष्कळ घटली हें खरें. परंतु त्याबरोबर खऱ्या गरजूंच्या पदरांत पडणारें धान्यहि लक्षणीय घटलें.

दोन्हीं ठिकाणीं बोटें तशींच होतीं आणि तंत्रहि त्याच जातीचें होतें. आंध्रांत यंत्र चुकलें तर तोटा पद्धतीचा होई. झारखंडांत तो माणसाचा होई. सगळा फरक एवढाच आहे.

यंत्र कितीदां चुकतें, याविषयीं खुद्द केंद्र सरकारच्या २०१६-१७ च्या आर्थिक पाहणींत कांहीं अंदाज उद्धृत केलेले आहेत : ओळख न पटण्याचें प्रमाण झारखंडांत ४९ टक्के, राजस्थानांत ३७ टक्के, गुजरातेंत ६ टक्के. सप्टेंबर २०१७ मध्यें झारखंडांतील एका अकरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूनें देश हळहळला. तिच्या घरची शिधापत्रिका आधाराशीं न जोडल्यामुळें रद्द झाली होती. मुलगी उपासानें गेली असें आईनें सांगितलें. आजारानें गेली असें प्रशासनानें सांगितलें. त्यानंतर ऑक्टोबर २०१७ मध्यें केंद्राच्या अन्नखात्यानें राज्यांना लिहिलें कीं, आधार नाहीं किंवा अंगठा जुळत नाहीं एवढ्या कारणावरून कोणालाहि धान्य नाकारूं नये. आज्ञा उत्तम आहे. पण दुकानदाराच्या जागीं उभे राहून पाहा. अंगठ्यावांचून धान्य दिलें तर हिशेबांत तूट दिसते आणि जाब द्यावा लागतो. अंगठ्याअभावीं धान्य नाकारलें तर सहसा कोणी विचारीत नाहीं. अशा स्थितींत तो कोणती वाट धरील ? आज्ञा एकीकडे खेंचते, आणि स्वार्थ दुसरीकडे. आणि स्वार्थाची ओढ रोजची असते.

पैशाच्या बाबतींतहि असेंच घडतें. आधारावर आधारलेल्या देयकपद्धतींत पैसे जातात ते क्रमांकाशीं ज्या खात्याची जोडणी सर्वांत शेवटीं झाली, त्या खात्यांत. महाराष्ट्रांत २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे हप्ते असेच आधारजोडणी असलेल्या खात्यांत जमा होऊं लागले. एखाद्या बाईचें जुनें खातें गांवच्या बँकेंत असतें. मध्यंतरीं कोणीतरी दुसऱ्या बँकेंत तिचें खातें उघडून जोडणी करून दिलेली असते. ती बिचारी जुनें पुस्तक भरून आणते आणि पैसे आले नाहींत असें समजते. पैसे चोरीला गेलेले नसतात. ते भलत्याच घरीं जाऊन बसलेले असतात. त्यांतून माहेरचें नांव आणि सासरचें नांव यांचा घोळ आहेच. सरकारच्या वहींत त्या दिवशीं 'रक्कम अदा' अशी नोंद होते, आणि बाई मात्र रिकाम्या हातानें परतते.

मग असें कां होतें ? माझ्या मतें याचें कारण दुष्टपणा नव्हे; कारण हितसंबंधांच्या रचनेंत आहे. अर्थखात्याला बचत दाखवावयाची असते. सत्ताधाऱ्यांना, ते कोणत्याहि पक्षाचे असोत, मधल्या माणसांना वगळून थेट खात्यांत पैसे दिल्याचें श्रेय हवें असतें. बँका आणि मोबाइल कंपन्या यांना नव्या ग्राहकाची ओळख पटविण्यासाठीं पूर्वीं कागदांचे गठ्ठे लागत. तें काम अंगठ्यानें क्षणांत आणि स्वस्तांत होऊं लागलें. म्हणजे जनतेच्या पैशानें उभारलेली नोंदणी व्यापाऱ्यालाहि फायद्याची ठरली. या सर्वांचे लाभ मोजतां येतात, म्हणून त्यांना बोलणारे वकील मिळतात. त्या रांगेंतील बाईचा बुडालेला रोज कोणी मोजीत नाहीं, म्हणून त्याला वकील नाहीं.

अखेर हा वाद न्यायालयांत गेला. कर्नाटकाचे निवृत्त न्यायमूर्ति पुट्टस्वामी यांनीं २०१२ मध्यें अर्ज केला. २०१६ मध्यें आधारचा कायदा धनविधेयक म्हणून संमत झाला, आणि त्यामुळें राज्यसभेच्या दुरुस्त्या बंधनकारक राहिल्या नाहींत. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं एकमतानें सांगितलें कीं, खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २६ सप्टेंबर २०१८ रोजीं पांच न्यायमूर्तींनीं, चार विरुद्ध एक अशा मतांनीं, सरकारी लाभांसाठीं आधार वैध ठरविला. परंतु खाजगी कंपन्यांना तो मागण्याची दिलेली मुभा काढून घेतली, आणि शाळाप्रवेशासाठीं तो आवश्यक धरतां येणार नाहीं असें स्पष्ट केलें. पुढल्याच वर्षीं कायद्यांत दुरुस्ती होऊन बँका व मोबाइल कंपन्यांना ग्राहकाच्या संमतीनें तो वापरण्याची वाट पुन्हां मोकळी झाली. संमति हा शब्द गोड आहे. पण ज्याला दुसरा पर्याय ठाऊकच नाहीं, त्याच्या संमतीला किती अर्थ उरतो, हें ट्रान्सवालची गोष्ट ऐकलेल्या श्रोत्यांना सांगावयास नको.

ही कहाणी एकट्या भारताची नाहीं. आपल्यासारख्याच परसत्तेखालून निघालेल्या इतर देशांतहि ती घडते आहे. केनियांत इंग्रजी अमदानींत, पहिल्या महायुद्धानंतर, आफ्रिकी पुरुषांना 'किपांडे' नांवाचें ओळखपत्र धातूच्या डबींत घालून गळ्यांत अडकवून फिरावें लागे. त्यांत बोटांचे ठसे असत आणि मालकानें केलेल्या नोकरीच्या नोंदी असत. गोऱ्या मळेवाल्यांचा मजूर पळून जाऊं नये, हा त्याचा उद्देश होता. दुसऱ्या महायुद्धानंतर तो पट्टा गळ्यांतून उतरला. स्वतंत्र केनियानें २०१९ मध्यें 'हुदुमा नांबा', म्हणजे सेवेचा क्रमांक, देण्यासाठीं देशभर नोंदणी सुरू केली. नांव सेवेचें असलें तरी ज्यांच्या नशिबीं पूर्वींपासून कागदपत्रें नव्हतीं, त्या न्यूबियन समाजाला धास्ती वाटली. ब्रिटिश सैन्यांतून आलेल्या सुदानी शिपायांचे हे वंशज. साध्या ओळखपत्रासाठींहि त्यांना खास चौकशी समितीपुढें उभें राहावें लागे. जानेवारी २०२० मध्यें तेथील उच्च न्यायालयानें, पुरेशी कायदेशीर चौकट तयार झाल्याशिवाय योजना पुढें नेऊं नये, असा निर्णय दिला. ऑक्टोबर २०२१ मध्यें न्यायालयानें पुन्हां ठरविलें कीं, माहितीच्या रक्षणाच्या कायद्यानुसार आवश्यक असलेली पूर्वतपासणी न करतांच कार्डें काढण्यास आरंभ झाला होता. जमैकांतहि एप्रिल २०१९ मध्यें असाच कायदा न्यायालयानें रद्द केला, आणि त्या निकालांत आपल्या न्यायमूर्ति चंद्रचूड यांच्या भिन्नमतपत्रिकेचा भरपूर आधार घेतला. आपल्याकडे जें मत एकटें पडलें, तें सातासमुद्रांपलीकडे उपयोगी आलें.

मग करावें काय ? क्रमांक फेंकून द्यावा, असें मी म्हणत नाहीं. चुकीचा भार योग्य खांद्यावर ठेवावा, एवढेंच म्हणतों.

पहिली गोष्ट पुराव्याची. शिधापत्रिका खोटी आहे असें ज्याला वाटतें, त्यानें तें सिद्ध करावें. नोटीस द्यावी, घरीं जाऊन पाहावें, आणि मगच नांव कमी करावें. जोडणी झाली नाहीं, एवढ्यावरून माणूस बनावट ठरूं नये. दुसरी गोष्ट, यंत्र चाललें नाहीं तर धान्य त्याच दिवशीं, त्याच फेरींत, वहींत सही घेऊन मिळालें पाहिजे. आणि तें नाकारणें दुकानदाराला देण्यापेक्षां अधिक महाग पडलें पाहिजे. तिसरी गोष्ट, बचतीचे आंकडे जाहीर होतात, त्यांच्याच शेजारीं दर तालुक्यांत किती अंगठे लागले नाहींत आणि त्यांपैकीं किती जणांना धान्य मिळालें, हा आंकडाहि दरमहा छापला जावा. चौथी गोष्ट भरपाईची. अन्नसुरक्षेच्या कायद्यांतच अशी तरतूद आहे कीं, हक्काचें धान्य न मिळाल्यास त्याबद्दल रोख भत्ता द्यावा. तत्त्व आधींच मान्य झालें आहे; तें कागदावरून दुकानाच्या दारापर्यंत आणावयाचें, आणि बुडालेल्या रोजालाहि लागू करावयाचें, एवढेंच राहिलें आहे.

यावर कोणी म्हणेल, असें दार उघडें ठेवलें तर चोरहि त्यांतून शिरतील. कांहीं शिरतील, हें मी नाकारीत नाहीं. पण आंध्रांत दार उघडें होतें आणि तरीहि गळती घटली, हें आपण आतांच पाहिलें. ज्या लबाडाचें नुकसान व्हावयास हवें, तो पांच वाटा काढतो. दार बंद झाल्यावर बाहेर राहतो तो ज्याला एकच वाट ठाऊक आहे तो.

आम्ही शाळेंत हजेरी घेत असूं. पटावर नांव आहे आणि मूल वर्गांत दिसत नाहीं, असें झालें कीं आम्ही शेजारच्या मुलाला विचारीत असूं. तीन-चार दिवस गैरहजर असलें तर संध्याकाळीं त्याच्या घराकडे फेरी मारीत असूं. मुलानें आपण असल्याचा पुरावा घेऊन यावें, असें कधीं म्हटलें नाहीं. पट आम्ही ठेवला होता. तेव्हां पट आणि मूल यांचा मेळ घालणें हें आमचें काम होतें. राज्यानें एवढा मोठा हजेरीपट तयार केला आहे, तर हें काम आतां राज्याचें आहे. माझ्या हातून लिहिल्या गेलेल्या कित्येक १ जून या तारखा अजून त्या पटांत कोठें ना कोठें आहेत. त्या चुकांसाठीं माझ्या विद्यार्थ्यांना दंड पडूं नये, एवढी माझी, एका जुन्या मास्तराची, विनंति आहे.